थोरलीने भरलेलं माप

“विचारून सांगते,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. वारज्यातल्या माझ्या शिवणाच्या दुकानात त्या साड्यांना फॉल लावायला यायच्या. चहा घेणार का, विचारलं तरी तेच. एकदा मी म्हटलं, “अहो, चहाच आहे, स्थळ नाही.” त्या हसल्या आणि कप पदराआड धरून प्यायल्या.

तुमच्याही इमारतीत अशा एखाद्या बाई असतील. नवरा सत्संग चालवतो, लोक जिन्यातच त्याच्या पाया पडतात, आणि बायकोचं नाव कुणाला ठाऊक नसतं. यांना दोन मुली. घराला मुलगा हवा, असं त्याच्या गुरुमहाराजांनी सांगितलं आणि नवऱ्याने मठात, देवासमोर, दुसरं लग्न लावून घेतलं.

“उंबऱ्यावरचं माप मीच भरलं,” सुईत दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या. “सासूबाई म्हणाल्या, थोरलीच्या हातनं झालं की पुढे वाद राहत नाहीत.”

“आणि तुम्ही भरलंत?”

“अगदी शीग लावून.”

मी चिडले. पहिली बायको असताना दुसरी करणं गुन्हा आहे, सरळ पोलिसांत जा, असं बरंच काही बोलले. त्यांनी सुई थांबवली.

“जाते. मग तिचं काय? कायद्यानं मी बायको. ती कोण?”

ती लोणी काळभोरकडची, विशीतली. “ताई, मला पन शिकवा,” म्हणत थोरलीच्या मागोमाग दुकानात येऊ लागली. एकाच साडीची दोन टोकं धरून दोघी बसायच्या. सवतींचं भांडण बघायला मिळेल म्हणून रेंगाळणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांची फार निराशा व्हायची.

धाकटीला मुलगी झाली. डिंकाचे लाडू थोरलीने वळले. नवरा मात्र बारशाच्या दिवशीच मठात गेला आणि परतला तो तिसरीचं बोलणं घेऊन.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सत्संगात असताना थोरली धाकटीला आणि बाळाला घेऊन दुकानात आल्या. कुणालाही न विचारता.

“हिला माहेरी पोचवाल? हिची आई ठेवून घेतेय.”

“आणि तुम्ही?”

“माझ्या दोघी आत्ता शाळेतून येतील. त्यांना तो सोडणार नाही. मग मी कशी सुटणार?”

“ताई, तुमी बी चला की!” धाकटी रडायला लागली.

“वेडी आहेस का,” म्हणत त्यांनी बाळाचं टोपडं नीट बांधलं आणि रिक्षा बोलावली.

घरात झालेला प्रकार तिसरी म्हणून ठरवलेल्या मुलीच्या माणसांच्या कानावर गेला आणि त्यांनी नकार कळवला. थोरली जिंकल्याच म्हणायच्या. पण त्या दिवसापासून त्यांचं खाली उतरणं बंद झालं. मी दोनदा वर त्यांच्या घरी गेले. सासूबाईंनी दारातच सांगितलं, “ती पूजेला बसलीय.”

मध्यंतरी धाकटी आली होती. आता ती तिकडे एका कॉलेजच्या कँटीनमध्ये काम करते. पोरगी चालायला लागलीय. आम्ही त्यांच्या इमारतीखाली उभ्या राहिलो. वर जाळी लावलेल्या गॅलरीत त्या वाळलेले कपडे काढत होत्या.

धाकटीने पोरीला उंच धरलं. त्यांनी जाळीतून हात बाहेर काढला. जेमतेम मनगटापर्यंत आला. त्यांनी बोटं हलवली. पोरगी खिदळली.

तेवढ्यात आतून हाक आली. त्यांनी हात मागे ओढला, पण बांगडी जाळीत अडकली. “आले, आले,” असं आत सांगत त्या ती सोडवत राहिल्या.