आईच्या पायरीचा उरलेला अर्धा दगड

भुतं, कौल, अंगात येणं... यातलं काहीच मला पटत नाही, आजही नाही. भिलाईच्या स्टील प्लांटच्या लॅबमध्ये जन्मभर चुनखडीचे नमुने तपासले. दगडाला मन नसतं, एवढं मला नक्की कळतं. तरी लिहायला बसलेय, कारण आता विचारायला आई उरली नाही.

प्लांट उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी सात वर्षांची. बाबा बांधकामावर लागलेले, आणि आम्ही भिलाईतल्याच सुपेल्यात सुखवारो काकीच्या घरी एका खोलीत भाड्याने राहायचो. काकी तिथलीच, छत्तीसगढी. घरामागे तिचं धानाचं शेत. आईचं माहेर दूर, मराठी मुलखात तिरोड्याजवळ, आणि भिलाई तिला कधी मानवलीच नाही. तीन वर्षं झाली तरी पत्र्याची पेटी तिने रिकामी केली नव्हती — लुगडं काढायचं, नेसायचं, धुवायचं, घडी घालून परत पेटीत! बाबा चिडवायचे, "स्टेशनवर राहून राहिली का वं?"

त्या उन्हाळ्यात चिडवणं बंद झालं. आईने सांगून टाकलं, "अक्षय तृतीयेले पोरीले घेऊन जातो. मंग येत नाही."

तेव्हाच काकीने शेतात विहीर खोदायला घेतली होती. आई माती उचलू लागायची, मी काठावर. आधी काळी माती, मग मुरूम, मग पक्का दगड. तिथे पहारीखाली एक लादी सुटली. चौघांनी वर काढली. आईने पदराने पुसली तर आत वर्तुळात वर्तुळं, कांदा मधोमध चिरल्यासारखी, अगदी स्वच्छ. पण एका बाजूने तुटलेली, म्हणून फुलासारखी ती नक्षी अर्धीच.

काकीला त्याचं नवल नव्हतं; जमिनीची फुलं ही, इथे पुष्कळ निघतात, म्हणाली. "भुइयां के फूल आय बहिनी, इहां अड़बड़ निकलथे."

आई मात्र लादीजवळ बसली. डोळे मिटून वर्तुळांवरून बोट फिरवत राहिली. "हा आमच्या पायरीचा दगड होय."

माहेरच्या दाराशी अशीच अर्ध्या फुलाची पायरी होती. ती कुठून आली हे आजोबांनाही ठाऊक नव्हतं. "लहानपणी माह्यं बोट जिथं अटके ना," आई म्हणाली, "तिथूनच हे पुढं जाऊन राहिलं."

"दगडासारखा दगड रायतेच," बाबा म्हणाले.

आई जिद्दीची. बाबांचं जुनं धोतर फाडून तिने लादीवर अंथरलं, वरून कोळसा घासून छाप घेतला, पेटीत सगळ्यात वर ठेवला, आणि आम्ही निघालो. दुर्ग स्टेशनवर बाबांनी पेटी डब्यात चढवून दिली.

माहेरी पोचल्यावर पाणीही न पिता आईने पायरीला लागून धोतर अंथरलं. मी तिथे होते, मी स्वतः पाहिलं — रेघेला रेघ मिळाली. कडेला कड बसली. दगडात एक वर उठलेली पांढरी शीर होती, तीसुद्धा धोतरावरून सरळ पायरीत गेली. आजोबा "बापा, बापा!" एवढंच म्हणाले.

आठव्या दिवशी आम्ही परत दुर्गला उतरलो. कळवलेलं नव्हतं, तरी बाबा उभे! ड्यूटी सुटली की रोज येत होते, हे नंतर समजलं.

"माही पायरी माह्या आधी येऊन बसली होती इथं," आई त्यांना म्हणाली, "अन् मी तीन साल रडत बसलो." घरी येऊन तिने पेटी उघडली आणि सगळी लुगडी दांडीवर टाकली.

पुढे मी खाणीतल्या एका साहेबांना लादी दाखवली. म्हणाले, जीवाश्म आहे, इथे समुद्र होता तेव्हाचं. तिरोड्याकडे असला दगड सापडत नाही. कोणी तिकडे नेला असेल म्हणावं, तर आमचा अर्धा ज्या मुरुमाखाली होता त्याला आधी कधी कुदळ लागली नव्हती. मग दुसरा अर्धा तिकडे गेला कसा?

काकीने देऊन टाकलेली ती लादी पुढे सेक्टर १० मधल्या आमच्या प्लांटच्या क्वार्टरची पायरी झाली, आता इथे स्मृति नगरच्या घराच्या दाराशी आहे. मामाने एकदा विचारलं होतं, दुसरा तुकडा आणून देऊ का? आई म्हणाली, "नको. तिकडचा तिकडंच राहू दे. मले दोन्ही दारं पाहिजेत."

आई गेल्यावर तिची पेटी आवरायला घेतली. आवरायला काही नव्हतंच. तळाशी फक्त धोतराचा तो तुकडा होता, कोळशाची वर्तुळं अजून तशीच.