कासवाच्या फोटोचा हार

आज बुधवार. सकाळी दादा गेला. दुपारी सगळं उरकलं. संध्याकाळी भाच्याने त्याचा फोटो फ्रेम करून आणला आणि कासवाच्या फोटोशेजारी लावला.

मला फारसं लिहिता येत नाही. पण कासवाचं सांगायला हवं.

बासष्ट-त्रेसष्ट सालची गोष्ट. मालवणात दादाचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, मुंज, पासपोर्ट. मी मॅट्रिक होऊन घरी होते, प्रिंट वाळत घालायचे.

तेव्हा किनाऱ्यावर कासवाची अंडी टोपलीने विकली जायची. हळूहळू टोपल्या कमी झाल्या. लोक म्हणाले, यंदा कासवं आली नाहीत.

दादा पहाटे किनाऱ्यावर जाऊन वाळूत पालथा पडून राहायचा. एकदा अंडी घालून परत निघालेली मादी कॅमेऱ्यात मिळाली. पाठीवर वाळू, डोळे ओले.

तो फोटो त्याने मोठा केला, शोकेसमध्ये नवरा-नवरीच्या फोटोंमध्ये लावला आणि त्याला चंदनाचा हार घातला.

बाजारातले लोक विचारायचे, "कोण गेलो रे?"

"अजून कोण जावक नाय. जातीत तेव्हा तुमका सवड मिळाची नाय, म्हणान आधीच घातलंय."

एक काकी मुलीच्या लग्नाच्या फोटोंचं ठरवायला आल्या. हार बघून म्हणाल्या, "शुभ कार्याक इलंव आणि तू ह्यां दाखयतस? बरां नाय हां, बाबू."

"काकी, देवळाच्या दारात कासवाच्या पाया पडतास आणि घराकडे तेचीच अंडी खातास. तां बरां?"

काकी उठून गेल्या. मग आणखी काही गिऱ्हाईकंही गेली.

मी म्हटलं, "दादा, हार तरी काढ."

"अंडी खाणारे जेव्हा ती राखूक लागतीत, तेव्हा काढूया गो."

स्टुडिओ बंद झाला. फोटो घरी आला, हारासकट.

आता अंडी विकणाऱ्यांचीच नातवंडं घरट्यांना जाळी लावून बसतात. पिल्लं पाण्यात गेली की मोबाईलवर फोटो पाठवतात. दादाला किनाऱ्यावर जाणं होत नव्हतं. मी फोटो दाखवायचे आणि विचारायचे, "काढू हार?"

दर वर्षी एकच उत्तर.

"आणखी एक वरीस बघूया."

यंदाची पिल्लं परवा पाण्यात गेली. ते फोटो त्याने पाहिले. पिल्लांना निरोप दिल्यासारखा हात वर केला.

आता विचारायला कोणी नाही.

दादा, सावकाश जा.

सगळे गेल्यावर स्टूल घेतलं. कासवाचा हार काढला. काच पुसली.