काकूंची गळकी गाडी

"विचारलं का मी?"

काकूंचं हे ठरलेलं उत्तर. कुणी सल्ला द्यायला तोंड उघडलं रे उघडलं की त्यांची हनुवटी वर जायची आणि हे वाक्य यायचं. ऑकलंडमध्ये माउंट रॉस्किलला आमची भिंतीला भिंत होती, त्यामुळे मी ते रोज ऐकलं आणि बहुतेक वेळा त्याच लायकीची होते.

काकू सत्तरीला टेकल्या तेव्हा मुलाने शहराच्या दुसऱ्या टोकाला, बॉटनीला मोठं घर घेतलं आणि मागची खोली त्यांच्यासाठी सजवली. "आई, आता ड्रायव्हिंग बंद. एकटीनं राहणंही बंद."

काकूंनी पडद्यांचं कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "चल, मोटरहोम बघायची आहे. जुनी चालेल. त्यातच राहणार, हिंडणार."

मी मुलाच्या बाजूची होते, हे इथे कबूल करते. तरी गेले.

काकू गाडी कशी बघायच्या, ते तुम्ही पाहायला हवं होतं. इंजिन मेकॅनिकवर सोडून त्या थेट आत शिरायच्या आणि नारळ वाजवून घ्यावा तशा बोटाने भिंती ठोकत जायच्या. जुन्या मोटरहोमच्या भिंतीत पाणी मुरतं, आतलं लाकूड कुजतं, हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं. पहिल्या गाडीत नव्याकोऱ्या वॉलपेपरखाली आवाज बद्द आला. "हीप्स ऑफ पीपल वॉन्ट इट," विकणारा म्हणाला. "मग त्यांना दे," असं मराठीतच सांगून काकू पायातल्या जांडल्स फटफटवत खाली उतरल्या. दुसरीतही तेच झालं.

तिसरी चांगली तीस वर्षांची. मालक थकलेला किवी म्हातारा. काकूंनी बोट उचलायच्या आत त्यानेच पलंगाजवळचा कोपरा दाखवला. "हिअर. शी लीक्स."

काकूंनी बाकीच्या भिंती ठोकल्या. सगळ्या खणखणीत. "घेतली," त्या म्हणाल्या.

"काकू, गळते म्हणतोय तो!"

"अगं, बाकीच्यांनी झाकलं, यानं दाखवलं. आणि म्हातारी आहे, गळणारच. माझे गुडघे वाजतात, म्हणून मला भंगारात घालणार का तुम्ही?"



मुलगा भडकला. "आई, हे खटारं रस्त्यात बंद पडेल."

"विचारलं का मी?"

पुढे चार वर्षं काकू न्यूझीलंडची दोन्ही बेटं हिंडल्या. कोपऱ्यात एक पातेलं कायम असायचं. पावसात ते भरलं की त्या ओतून टाकायच्या. ऑकलंडला आल्या की गाडी माझ्या दारात उभी राहायची आणि मुलगा तोंड पाडून तिथेच भेटायला यायचा. बॉटनीच्या खोलीत त्या एकदाही झोपल्या नाहीत. मला त्यांचा हेवा वाटायचा. आजही वाटतो.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. मुलाने गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक माझ्याच दारात आलं. त्याने काही विचारायच्या आत मुलाने त्याला पलंगाजवळ नेलं, पातेलं उचललं आणि म्हणाला, "हिअर. शी लीक्स."

गिऱ्हाईक हसलं. "मेट, दिस इज स्क्रॅप."

मुलाची हनुवटी वर गेली.

"विचारलं का मी?"

त्या माणसाला एक अक्षर कळलं नाही. तो खांदे उडवून खाली उतरला. मुलाने पातेलं पुन्हा कोपऱ्यात ठेवलं आणि दार आतून लावून घेतलं.