डेटा सगळा आहे ना?

ज्याचा सूड घ्यायचा, त्याचीच एकेक वस्तू माणूस स्वतःच्या वस्तूंहून अधिक जिवापाड का सांभाळतो, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. चष्म्याच्या दुकानात भिंगे घासणाऱ्या आणि गल्लीत भिंगवाली म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या एका बाईच्या हकिकतीतूनही ते मिळत नाही. हकिकत तेवढी सांगता येते.

तिच्या घरात जिन्याखालच्या कपाटात, चपलांच्या खणावर, एक सर्व्हर होता. घरादाराचे फोटो, गाणी, दिवे, दारावरचा कॅमेरा सारे त्या काळ्या डब्यावर चाले. सासूबाईंची नजर कडांकडून विझत चालली होती, आणि कोणतेही भिंग ती परत आणणार नाही, हे भिंगवालीइतके कोणाला कळणार? म्हणून तिने दुकानातून आल्यावर शिकून शिकून, एकेक प्लगिन, म्हणजे वरून बसवायची छोटी प्रणाली, जोडत, घराला बोलते केले होते. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी आल्या की तिथला दिवा उजळे आणि सुनेच्याच आवाजात शब्द येत, “आई, पायरी आली.”

धाकटा दीर एका कार्यालयाच्या संगणक विभागात होता. सुट्टीच्या एका दुपारी, कोणाला न विचारता, त्याने सर्व्हरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम बसवली. फोटो आणि गाणी बाजूला काढली, आणि सिस्टीमची डिस्क पुसून कोरी केली. प्लगिन आणि त्यांच्या सेटिंग नेमक्या त्या डिस्कवर होत्या. सासूबाई झोपून उठल्या, सवयीने जिन्याकडे गेल्या, आवाजाची वाट पाहत एक पाऊल पुढे टाकून बसल्या आणि पडल्या. मनगट मोडले.

“डेटा सगळा आहे ना, वहिनी?” दीर त्या संध्याकाळी म्हणाला. “सेटिंगचं काय, परत करता येतात.”

एवढ्यावर थांबता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण आईच्या उशाशी बसून तो हेही म्हणाला, “घरगुती यंत्राचा काय भरवसा, आई? कधी बोलतं, कधी नाही.” खापर भिंगवालीच्या डोक्यावर फुटले. तिने खरे सांगून पाहिले, तेव्हा सासूबाईंनी प्लास्टरमधला हात उचलून तिला थांबवले. “तो त्यातलंच शिकलाय. तो कशाला खोटं बोलेल?” नवऱ्याला सगळे ठाऊक होते, पण दोन दगडांमध्ये हात घालणाऱ्यांपैकी तो नव्हता. तो वर्तमानपत्र वाचत राहिला.

भिंगवालीने घराला पुन्हा बोलते केले, तरी सासूबाई मात्र भिंतीला धरून चालू लागल्या. आवाज आला की म्हणत, “बोल बाई, बोल, आज मूड दिसतोय.” सून हे ऐकून घेई आणि डूख धरून बसे. तिला दिराचे नुकसान नको होते. खोटे ज्या तोंडातून गेले, त्याच तोंडातून ते परत यायला हवे होते.

सर्व्हरच्या सिस्टीमची पुढची आवृत्ती आली तेव्हा ती म्हणाली, “या खेपेला मी करते, भावजी. तुम्हाला कशाला त्रास?”

तिने ते आपल्या धंद्याच्या रीतीने केले. भिंग घासण्याआधी त्याच्या मध्यावर खूण करतात, आणि एक बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाहीत. सेटिंगची प्रत काढून ती तिने आधी एका जुन्या लॅपटॉपवर उतरवली आणि घर तिथे नीट चालते का, ते तपासले. चालून दाखवल्याखेरीज प्रतीवर विश्वास ठेवायचा नाही, हे ती पोळून शिकली होती. मग खरा सर्व्हर घेतला: आधी नवी सिस्टीम, मग तिला चालतील अशी प्लगिन, आणि शेवटी जुन्या सेटिंग, कारण हा क्रम उलटला की नवे प्लगिन जुन्या सेटिंग पुसून टाकते. काहीही हरवले नाही. दिराने हौसेने ठेवलेल्या मत्स्यटाकीचे दिवे, खाद्य आणि पंपही सर्व्हरवरच चालत; त्यांच्या सेटिंग तर तिने दोनदा पडताळल्या. आणि तेवढ्याच परत घातल्या नाहीत. दिराचे खातेही प्रशासकाचे राहिले नाही, पाहुण्याचे झाले. कपाटाची किल्ली तिने पर्समध्ये टाकली.

“वहिनी, टाकी अंधारात आहे!”

“असं? डेटा सगळा आहे ना, भावजी? माशांचे फोटो जागेवर आहेत. बघा की.”

“चेष्टा पुरे. सेटिंग कुठे आहेत?”

“सेटिंगचं काय, परत करता येतात.”

त्याने करून पाहिले; सर्व्हर त्याला दाद देईना. दिवस उलटू लागले. पंप हाताने चालू-बंद करायचा आणि खाद्य वेळेवर टाकायचे, या पायी तो कार्यालयातून धावत घरी येऊ लागला. तो नसताना ती स्वतः चिमूटभर खाद्य टाके; माशांशी तिचे वैर नव्हते. तोंडावर मात्र तिने ताकास तूर लागू दिली नाही. अखेर नाक दाबले की तोंड उघडते, तसे झाले.

“काय हवंय तुम्हाला?”

“मला काही नको. आईंना काय ते सांगा. मी दारात उभी राहते.”

तो सासूबाईंच्या पलंगाशी बसला आणि अडखळत सगळे बोलला. त्यांनी ऐकून घेतले, मग दाराच्या दिशेने मान वळवली.

“म्हणजे हात मोडला याच्यामुळे, आणि बोल खाल्लेस तू.”

“हो.”

“आई, आता तरी वहिनींना सांग,” दीर म्हणाला. “मासे—”

“मेलेत का?”

“नाही.”

“मग उद्या बघू. आजचा दिवस तू बस त्यांच्याजवळ अंधारात. कसं वाटतं ते कळू दे.”

दुसऱ्या दिवशी भिंगवालीने टाकीच्या सेटिंग जशाच्या तशा परत घातल्या. दिवा, पंप, खाद्य, एक खूण इकडची तिकडे नव्हती. दिराने जिन्याशी तिला गाठले.

“आणि माझे अधिकार?”

“छे, भावजी,” ती कपाटाला कुलूप लावत म्हणाली, “पाहुण्यांना आम्ही कामाला लावत नाही.”

पुढे, २०२२ च्या एप्रिलमध्ये, धाकटा दीर वेगळ्या घरात राहायला गेला आणि या घरात खरोखरच पाहुणा झाला.