आमटी गार होईपर्यंत

छबूबाईंना कामावरून काढायचा ठराव माझ्याच शाळेत, माझ्याच टेबलावर, माझ्याच हातानं लिहायची वेळ आली. चूक छबूबाईंची नव्हतीच. चूक माझी होती, आणि त्या खोलीत हे फक्त दोघींना माहीत होतं. मला आणि छबूबाईंना.

सोनईपासून चार किलोमीटरवर आमची वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा. चौथीपर्यंत वर्ग, एकेचाळीस पोरं, आणि मी मुख्याध्यापिका. छबूबाई इथं सतरा वर्षं पोरांचं जेवण शिजवतात. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की उसात शिरलेलं पोरगं आपसूक बाहेर यावं. स्वतः तिसरीत शाळा सोडलेली. पण कोण घरून उपाशी आलंय, कुणाला वांगं चालत नाही, कुणाच्या घरी रात्री भांडण झालंय, ते त्यांना माझ्याआधी कळतं. "ए भवाने, भात टाकलास तर बघ!" असं ओरडायचं आणि त्याच पोरीच्या ताटात आणखी डावभर ओतायचं, ही त्यांची तऱ्हा.

त्यांचा एक नेम होता. शेवटच्या पोराला वाढून होईपर्यंत कुणी घासाला हात लावायचा नाही. मग सगळ्यांनी हात जोडून जेवणाआधीचा श्लोक म्हणायचा, सावकाश, आणि तोही दोनदा. छबूबाई भिंतीला टेकून ऐकायच्या. दुसऱ्यांदा संपला की म्हणायच्या, "हां, घ्या आता!" दोनदा कशाला, असं मी कधी विचारलं नाही. असेल बाईचा भाबडेपणा, म्हटलं.

आणि मी कशी, तर देवधर्म शाळेच्या फाटकाबाहेर ठेवा म्हणणारी. यंदा जूनमध्ये गनीभाईंची नात अरफा पहिलीत आली. गनीभाई म्हणजे आमच्या शाळेचं स्वयंपाकघर ज्यांनी बांधलं ते गवंडी. श्लोक सुरू झाला की ही पोर ओठ घट्ट मिटून बसायची. चार दिवस पाहिलं, पाचव्या दिवशी माझं डोकंच तापलं. बिचारीवर काय लादतोय आपण हे! तिथल्या तिथं सांगून टाकलं, "उद्यापासून श्लोक बंद. ही सरकारी शाळा आहे. ज्याचा धर्म त्याच्या घरी."

छबूबाई डाव हातात धरून बघतच राहिल्या. "अवो मॅडम, श्लोक न्हाई तर आमटी गार कशी व्हायची?"

मी खळखळून हसले. "काय बाई विनोदी आहात," म्हटलं आणि ऑफिसात जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यातून अशी किंकाळी आली की माझ्या हातातली वही खाली पडली. धावत गेले. अरफानं वाढलेल्या आमटीची वाटी तशीच तोंडाला लावली होती. ओठ लालभडक, जीभ बाहेर, डोळ्यांतून घळाघळा पाणी. छबूबाई तिला मांडीवर घेऊन गार पाणी लावत होत्या. मी स्कूटी काढली, छबूबाई पोरीला कवटाळून मागे बसल्या, तशाच आम्ही सोनईच्या दवाखान्यात गेलो. आठवड्यात भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले. येताना स्कूटीवरच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोनदा श्लोक. तेवढ्यात आमटी तोंडात घेण्याजोगी व्हायची! छबूबाईंचं ते घड्याळ होतं, आणि ते मी बंद पाडलं होतं.

दुसऱ्याच दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लागली. अध्यक्ष सहादेव भडकलेला. "उकळती आमटी लेकरांम्होरं ठिवायची म्हंजी काय? बाई बदला. मॅडम, ल्हिवा ठराव." समितीची सचिव मीच. छबूबाई दाराशी पदर आवळून उभ्या. मला वाटलं, आता बोलतील, मॅडमनीच बंद केलं म्हणतील. एक शब्द बोलल्या नाहीत! आणि सांगायला लाज वाटते, मीसुद्धा बोलले नाही. पेन उचललं.

तेवढ्यात गनीभाई आत आले. आता हे गाव डोक्यावर घेणार, मी मनाची तयारी केली. पण त्यांनी सहादेवकडे बघितलंही नाही.

"मॅडम, पोरांचा श्लोक का बंद केला?"

"अरफासाठी," मी म्हटलं. "ती ओठ मिटून बसायची. तिच्यावर सक्ती नको म्हणून."

गनीभाईंनी स्वतःच्या पुढच्या दातांवर बोट ठेवलं. "अवो, तिचं म्होरचं दोन दात पडल्यात! पोरं हसत्यात म्हनून तोंड मिटती ती. घरीबी तशीच बसती."

दात! अहो, पडलेले दात!

"मला एकदा इचारायचं तरी हुतं," गनीभाई म्हणाले. "घरी ती बिस्मिल्ला म्हनल्याबिगर घास उचलत न्हाई. हितं समदी श्लोक म्हनत्यात तवर थांबती. अन्नाम्होरं थांबायचं, येवढंच ना दोन्हीकडं? लेकरानं घरचं समदं चपलंवानी फाटकाबाहेर काढून यायचं का? एकमेकाचं हितं न्हाई ऐकलं तर मोठेपनी कुटं ऐकायचं?"

"आणि उद्या कुणी म्हणालं, आमचंच सगळ्यांनी म्हणा, तर?" मी अजून हट्ट सोडला नव्हता.

"तवा भांडा. मी येतो संगं. पन आज कुनी म्हनलं न्हाई, आन् तुमी बंदी घातली. बंदी बी सक्तीच की."

मी ठरावाचा कागद फाडला. "काढायचंच असेल तर मला काढा," म्हटलं, आणि आमटीची, श्लोकाची, माझ्या हसण्याची, सगळी हकीकत सांगितली. सहादेव डोक्याला हात लावून बसला. शेवटी ठरलं. ज्याला श्लोक म्हणायचा त्यानं तो म्हणावा, ज्याचं वेगळं असेल त्यानं ते म्हणावं, ज्याचं काहीच नसेल त्यानं गप्प बसावं. पण आमटी गार होईपर्यंत ताटाला कुणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम व्हरांड्यात पोरांच्या ओळीत बसले. पोरं श्लोक म्हणत होती. अरफा हाताआड तोंड धरून काहीतरी पुटपुटली, श्लोक की बिस्मिल्ला, मी विचारलं नाही. मी आपली मनात आकडे मोजत होते.

"हां, घ्या आता!" छबूबाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी भात वाढायला वाकल्या.

"छबूबाई," मी हळूच विचारलं, "काल बैठकीत बोलला का नाहीत? नोकरी जात होती तुमची."

त्यांनी डाव पातेल्यात ठेवला.

"सांगितलं हुतं की एकदा," त्या म्हणाल्या. "तुमी हसलात."