दोन्ही कळ्या एकदम पडल्या

भाचीचं नाव ठेवायचं काम आत्याचं. त्यामुळे या गोंधळात मी हक्काने शिरले आणि तितक्याच हक्काने अडकले. मुलगी पालथी पडायला लागली तरी तिला नाव नव्हतं. बाळ, छकुली, ठकूबाई, ज्याच्या तोंडाला जे येईल ते. नाव ठेवायला निघालेल्या मलाच अख्खं गाव नावं ठेवू लागलं की ही कसली आत्या, हिला एक नाव सुचत नाही! मी श्रद्धाळू आहे, पण देवाशी भांडणाऱ्यातली आहे. त्या दिवसांत माझं आणि देवीचं फारसं बरं चाललेलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ रोह्याजवळच्या आमच्या गावी राहतो. कंपनीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात बाबांची शेती बघतो. मी लग्न होऊन पेणला आले. भावाची पहिली मुलगी भर पावसाळ्यात झाली. बाराव्या दिवशी मी तिच्या कानात ‘वर्षा’ असं नाव सांगितलं आणि पावसाळा संपायच्या आत ती गेली. ही दुसरीही पावसाळ्यातच, दिवस भरायच्या आधी आली. पेणच्या दवाखान्यात ती काचेच्या पेटीत होती. पुढे डॉक्टर जवळ असावेत म्हणून मायलेकी माझ्याकडेच राहिल्या. सुजाता, म्हणजे भावाची बायको, मुलीचं सगळं करायची. दूध, तेल, शेक, औषधाचे थेंब, कशात म्हणून कसूर नाही. पण मुलीशी बोलायची नाही. गप्प राहून सगळं करायची. नावाचा विषय निघाला की उठून आत जायची. एकदाच म्हणाली, “ताई, नाव ठेवलं की हाक मारायची सवय लागते. मग माणूस नसलं की ती हाक कुठं ठेवायची?” मी भाजी निवडत होते, तीच निवडत राहिले.

मार्गशीर्षात डॉक्टरांनी औषधं बंद केली. एकदा तपासून घेऊ आणि मग खुशाल गावी न्या, म्हणाले. भावाने लगेच बारशाचा दिवस धरला. त्याला नाव ऋतूवरूनच हवं होतं, का ते त्यालाही सांगता येत नव्हतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर नावांचा पाऊस पडला. आता ऋतू म्हणाल तर पावसाचं नाव घरात कुणी उच्चारू शकत नव्हतं. शरद आणि हेमंत पुरुषांनी आधीच पळवलेले. ग्रीष्मा म्हणजे जन्मभर घामाच्या धारा. शिशिरात पानं गळतात, तेव्हा ते नाव सुजातापुढे काढायची माझी छाती नव्हती. वासंती नावाच्या आमच्या एक मावशी होत्या, त्यांच्या तोंडाळपणाची आठवण सगळ्यांना होती. शेवटी ओढूनताणून ऋतूत बसणारी हेमांगी आणि चैत्राली ही दोन उरली. एक सकाळी बरं वाटायचं, दुसरं संध्याकाळी. आणि खरं सांगायचं तर मला नावाची काळजी नव्हतीच. ठेवलेल्या नावाने तिची आई तिला हाक मारील का, याचीच धास्ती होती. कारण हाक न मारताच एखादी आई मूल वाढवू लागली, तर ते मूल कुणाचं म्हणून वाढणार?

म्हणून मी गावदेवीला कौल लावायचं ठरवलं. आमच्याकडे अडलं की हीच रीत. गुरव पाण्यात भिजवलेल्या कळ्या देवीच्या दोन्ही अंगांना लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी मायलेकींना घेऊन सकाळीच गावी पोचले. सुजाता देवळात आली नाही. मुलीला पदराखाली घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिली. मी आत जाऊन गुरवांना म्हटलं, उजवी पडली तर हेमांगी, डावी पडली तर चैत्राली.

कळ्या हलेनात. देवळात थंडी होती, लादीवर पाय गारठले. बऱ्याच वेळाने गुरव माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, असं नाय चालत. हे का ते, असं देवीला इचारायचं नसतं. एकच इचारा, व्हय का नाय.”

चूक माझीच होती. लहानपणापासून कौल बघत आले आणि ऐन वेळी देवीला दुकानदारीण समजून दोन नग पुढे टाकले. मी डोळे मिटले आणि मनात एकच प्रश्न धरायला गेले. तेव्हा लक्षात आलं की मनात नाव नाहीच आहे. मनात आहे ते एवढंच, की ही राहील ना गं? पण तो प्रश्न विचारायचं धाडस होईना. डावी पडली असती तर मी बाहेर जाऊन सुजाताला कुठलं तोंड दाखवलं असतं? म्हणून मी घाईघाईने मोठ्याने म्हटलं, “हेमांगी ठेवू का?” आणि दोन्ही कळ्या एकदम खाली पडल्या.

मी गुरवांकडे बघितलं, गुरव देवीकडे. “असं कधी झालं नव्हतं,” ते म्हणाले. “याचा अर्थ मला नाय सांगता यायचा. तिच्या मनात काय हाय ते तिलाच ठावं.” मला रडू आलं आणि रागही आला. इतक्या लांबून येऊन होय आणि नाही दोन्ही पदरात? ओटी भरली, पण नमस्कार जरा घुश्श्यातच केला.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं होतं. गावातून मिनीडोर रिक्षा धरून हायवेवरच्या खांब गावाला उतरायचं आणि तिथून पेणची एसटी. वाटेत एका वाडीपाशी एक बाई चढली. वय झालेलं, अंगावर फाटकी शाल, मांडीवर वालाच्या ओल्या शेंगांची पाटी. हायवेला विकायला चालली होती. पाटीला जागा हवी म्हणून आम्ही सरकून बसलो. तिने मुलीचा गुंडाळलेला चेहरा वाकून बघितला.

“नाव काय गो हिचं?”

सुजाता बाहेर बघत राहिली. मी म्हटलं, “ठेवायचंय अजून.”

“बारीक हाय,” बाई म्हणाली. “पावसाची का?”

सुजाताने मान तेवढी हलवली. बाईने मुलीच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाली, “असू दे. पावसावर नाय, दवावर येल ही.”

मी ऐकलं ते दवा, म्हणजे औषध. सकाळपासून भरून आलेलं सगळं त्या बाईवर काढलं. “दवा कधीच बंद झाली तिची! चांगली ठणठणीत आहे, उगीच काहीतरी बोलू नका.”

बाई आधी गोंधळली. मग दात नसलेलं तोंड उघडून अशी हसली की ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. “अगो बाय माझे, दवा नाय, दव! दव! या वालाला कोण पाणी घालतो? भात कापला का पेरायचा. पाऊस कवाच गेलेला. रातचा दव पितो नि येतो.” तिने बाहेर बोट दाखवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताच्या खाचरांत वालाचे वेल पसरले होते आणि पानं अजून ओली होती.

मी शेतकऱ्याची मुलगी. वाल दवावर येतो हे मला कुणी नव्याने सांगायला नको होतं. पण मिनीडोरमध्ये मी नुसतीच बघत बसले आणि शेजारून एक आवाज आला, तो आधी ओळखूच आला नाही. सुजाता हसत होती. माझ्या त्या ‘दवा’वर हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने मुलीचा चेहरा वर उचलून धरला. “ऐकलंस काय गो दवा? आत्या भांडते बघ तुझ्यासाठी. दवा, ए दवा!”

तिने हाक मारली होती. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. मला कळलं, आणि हलले तर ते मोडेल म्हणून मी हलले नाही. खांब आलं. बाईने मूठभर शेंगा सुजाताच्या ओटीत टाकल्या आणि ती उतरून गेली. तिचं नाव विचारायचंही राहून गेलं.

पुढे घोळ संपला असं नाही. भाऊ म्हणाला, दवा म्हणजे औषधच, शाळेत चिडवतील. मीही म्हणाले, हे व्याकरणात बसत नाही, दव म्हणजे ‘ते दव’, त्याला काना कुठून आला? सुजाता शांतपणे म्हणाली, “औषध म्हटलं तरी काय खोटं हाय? दोन्हींवर तर जगली.”

बारशाला पाळण्याभोवती बायका जमल्या. कानात नाव सांगायला मला पुढे केलं. मी वाकले, पण नाव सांगायला तोंड उघडेना, कारण ते माझं नव्हतंच. मी सुजाताचा हात धरून तिला पुढे ओढलं. मागे कुजबुज झाली की आई कुठं नाव सांगते का, आत्या असताना? होऊ दे म्हटलं. हक्क सोडताना एरवी माझा जीव जातो, त्या दिवशी हलकं वाटलं.

दोन्ही कळ्या का पडल्या ते मला आजही कळलेलं नाही. ती बाई कोण, तेही नाही. चमत्कार म्हणावा तर ती नुसती शेंगा विकायला निघाली होती. नाही म्हणावं तर त्याच दिवशी, त्याच गाडीत, नेमका तोच शब्द? विचार करायला लागले की डोकं फिरतं. मग मी विचार सोडून देते. ही राहील का, हा प्रश्न मी अजूनही देवीला विचारलेला नाही. तो विचारायचा नसतो, तिच्या पायाशी ठेवून घरी यायचं असतं, एवढं मला उमगलं. तेही पूर्ण उमगलंय असं छातीठोक सांगत नाही. पण त्या दिवसाबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे.

परवा गावी गेले होते. मुलगी आता रांगते, उंबरा ओलांडते, अंगणात माती खाते. मी पडवीत चहा पीत होते आणि आतून सुजाता ओरडली, “दवाऽऽ! कुठं गेली ही कार्टी?” इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या घरातून कुणीतरी ओ दिली.