देवीचा उजवा हात

देवीनं बोलावल्याशिवाय तिच्या दारी कोणी जात नाही, असं आमच्या घरात सात पिढ्या सांगत आले आहेत. सात पिढ्यांत तिनं कोणालाच बोलावलं नव्हतं, आणि त्याचं कोणाला फारसं वाईटही वाटलं नव्हतं. आमचे मूळ पुरुष कोकणातून झाशीला आले तेव्हा देवीचा चांदीचा टाक सोबत घेऊन आले. देवी घरात असताना तिच्या गावी जायचं कशाला, असा सोयीचा विचार करून सगळे पुरुष झाशीतच जगले आणि झाशीतच गेले.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या सासऱ्यांच्या, अप्पांच्या, आतड्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात ऑपरेशन करा, आज आशा आहे, पुढचं सांगत नाही. अप्पा शांतपणे घरी आले आणि म्हणाले, "देवीला विचारू."

आमच्या घरची विचारायची रीत अशी. बडा बाजारातून झेंडूची फुलं आणायची, दोन पाकळ्या ओल्या करून देव्हाऱ्याच्या दोन खांबांना चिकटवायच्या, मध्ये टाक, समोर आपण. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. जागा विकायची की नाही, पोराला कुठल्या शाखेत घालायचं, सगळं या दोन पाकळ्यांवर. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. सून म्हणून आल्यापासून हा प्रकार मी हात जोडून आणि तोंड मिटून पाहत आले आहे.

डावीकडची पडली. अप्पांनी ऑपरेशन नाकारलं.

माझा नवरा जयंत रडला, भांडला. आमची मुलगी ऋचा हिंदीत ओरडली, कारण तिला मराठी समजतं, पण राग फक्त हिंदीत येतो. "अप्पाजी, दो फूलों की पत्तियों के लिए आप मर जाएँगे?" अप्पा म्हणाले, "पत्तियों के लिए नहीं बेटा, देवी के लिए." तेव्हा मी वकिली केली. म्हटलं, अप्पा, हे खालचं कोर्ट झालं. मूळ स्थानी जाऊन कौल लावू, तिथला निकाल शेवटचा. अप्पांनी बराच वेळ विचार केला आणि अपील मान्य केलं.

आता कबुली. मला देवीचं काही नको होतं. तिथल्या गुरवाला आधी गाठायचं, पाय धरायचे, आणि पाकळी कुठली पाडायची ते ठरवून घ्यायचं, एवढाच माझा बेत होता. ज्या बाईला कौल थोतांड वाटत होता, ती कौलात घोटाळा करायला निघाली होती.

आम्ही आमच्या गाडीनं निघालो. अप्पांनी चाळीस वर्षं रेल्वेत नोकरी केली, पण या दुखण्यात रेल्वेचा संडास नको म्हणाले, आणि तज्ज्ञाचं मत म्हणून ते सगळ्यांनी मानलं. चौथ्या दिवशी रत्नागिरीत पोचलो. दर तासाला थांबायचं, मी औषधाची पिशवी धरायची, जयंतनं आडोसा म्हणून रस्त्याकडे पाठ करून उभं राहायचं. अप्पांची नुसती हाडं उरली होती. शहराबाहेर पडताना खाडीवरच्या पुलावर पहिल्यांदा समुद्र दिसला. जन्मभर स्वतःला कोकणातले म्हणवणाऱ्या अप्पांनी तो कधी पाहिला नव्हता. ऋचा म्हणाली, "उतरना है?" त्यांनी डोळे न उघडता नकाराची मान हलवली. पुढे पावस आलं, मग राजापूर. आंब्याच्या बागा, चिऱ्याची घरं, एकेका वळणावर अप्पांचं कण्हणं. 

देऊळ राजापूरच्या पलीकडे एका लहान गावात होतं. गुरव साठीचे, अंगात बनियन, हातात झाडू. अप्पा गाडीत होते तोवर मी त्यांना बाजूला घेतलं आणि हात जोडून माझं मागणं मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही कुठल्या?"

"झाशीच्या."

"तरीच. मराठी कसली हिंदी सिनेमातल्यासारखी बोलता." मग झाडू भिंतीला टेकवून म्हणाले, "ताई, पाकळी मी फक्त लावतो. पाडायचं काम माझं नाय. आणि तसलं करायचं तर इतक्या लांबून कशाला यायचं? घरीच पाडायची होती."

मी जोडलेले हात सोडले आणि अप्पांना उतरवायला गाडीकडे वळले.

देवी म्हणजे काळा उभा पाषाण. गुरवानं त्याच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या, आमच्याकडे पाठ करून गाऱ्हाणं घातलं: झाशीची लेकरं सात पिढ्यांनी आली आहेत, म्हाताऱ्याच्या पोटाला शस्त्र लावायचं आहे, लावू का नको ते सांग. अप्पा जयंतच्या खांद्यावर भार देऊन उभे होते. मी त्या दोन पाकळ्यांकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाकडे तरी खरोखर काही मागत होते, आणि कोणाकडे ते मला माहीत नव्हतं.

डावीकडची पडली.

अप्पा म्हणाले, "झालं. दोनदा सांगितलंन." ते खाली बसले आणि त्यांनी जमिनीला डोकं टेकलं. ऋचा खांबाला धरून रडायला लागली. गुरव नारळ फोडून वळले, तर आमचं हे असं.

"काय झालं? रडताव कशाला? चांगला उजवा दिलान की."

जयंत म्हणाला, "उजवा कसा? डावीकडची पडली ना."

"तुमच्या डावीकडची." गुरवानं पाषाणाकडे बोट केलं. "ती आपल्याकडे तोंड करून उभी हाय. तिचा उजवा हात कुठला? कौल तिचा, मग हात तुमचा कसा धरणार?"

एवढी साधी गोष्ट सात पिढ्यांत एकालाही सुचली नव्हती. सगळे तिच्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यांनी उजवं-डावं स्वतःपासून मोजलं. ऋचानं डोळे पुसले. "मतलब हाँ? अप्पाजी, देवी ने हाँ बोला!" तिनं त्यांना मिठी मारली. अप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण त्यांचा चेहरा उजळला नाही. मला वाटलं, थकले असतील.

परतताना त्या खाडीवरच्या पुलापाशी त्यांनीच गाडी थांबवायला लावली. वाळूपर्यंत माझा हात धरून आले. पाण्याकडे बघत म्हणाले, "सूनबाई, म्हणजे तुझ्या सासूला दिल्लीला न्यायला ती हो म्हणाली होती."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चौदा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या हृदयाचं दुखणं वाढलं होतं. दिल्लीला न्यावं का, म्हणून कौल लावला होता. डावीकडची पडली, नेलं नाही, आणि महिन्याभरात त्या गेल्या. मी तिथे होते. पाकळी पडताना मीही पाहिली होती आणि शिरस्त्याप्रमाणे तोंड मिटून होते. माझ्या मिटलेल्या तोंडाला मी तोवर सभ्यपणा समजत होते.

मी म्हटलं, "अप्पा, नेऊनही वाचल्या असत्या असं नाही."

"तसं नाही. तिनं सांगितलं होतं. मी माझ्या बाजूनं ऐकलं." लाट त्यांच्या पायांवरून गेली. ते हलले नाहीत. "आता मला कापा की जाळा, मी विचारणार नाही."

झाशीला ऑपरेशन झालं. अप्पा आज आहेत. पोटाला पिशवी लावलेली आहे, अन्न बेतानं जातं, रात्री झोप नाही. रोज सकाळी टाकापुढे बसतात, पण पाकळ्या लावत नाहीत. नुसते हात जोडतात. एकदा मी विचारलं, काय मागता? म्हणाले, काही नाही, क्षमा मागतो आणि उठतो.

तिथे काय घडलं याचा मी निवाडा करत नाही. ओली पाकळी कधीतरी पडणारच, हे मला ठाऊक आहे. पण मी घोटाळा करायला गेले होते आणि एका बनियनमधल्या माणसानं मला तो करू दिला नाही. केला असता तर मी माझ्या उजवीकडे बोट दाखवून हमखास चुकीच्या बाजूची पाकळी पाडून घेतली असती. याला कृपा म्हणायचं नसेल, तर माझ्याकडे दुसरा शब्द नाही. शरण जाणं म्हणजे डोळे मिटणं, असं मी समजत होते. आता वाटतं, ते समोरच्याच्या जागेवरून एकदा बघणं असावं. त्या पुलाजवळची आठवण आली की मीही देव्हाऱ्यापुढे हात जोडते, आणि तेव्हा तोंड मिटलेलं नसतं.

आमच्या घरात पूर्वी लावलेल्या कौलांचा विषय सहसा कोणी काढत नाही. माझं स्थळ सांगून आलं तेव्हाही कौल लावला होता. उजवीकडची, म्हणजे अप्पांच्या उजवीकडची पाकळी पडली, आणि त्याच दिवशी घरोघर पेढे वाटले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. देवीनं नाही म्हटलं होतं.